पहिल्या अर्ध्या सेकंदाचा हिसका

अमेरिकेतल्या युटा राज्याचे वाळवंट, जुलैची दुपार, आणि मैलोन्‌मैल विजेचा खांब नाही. अशा जागी एक फिरते घर उभे आहे. ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ असे त्याचे पूर्ण नाव, पण तिकडे सगळे ‘आरव्ही’च म्हणतात. आत पलंग, ओटा, फ्रिज, न्हाणीघर असा चार माणसांचा संसार, छतावर एक एसी आणि गाडीच्या मागे घरघरणारा सुटकेसएवढा जनरेटर. आतून कोणीतरी थर्मोस्टॅट खाली करते. आधी पंखा फिरू लागतो. मग छतातून ‘हूंऽऽ’ असा दबका, कण्हल्यासारखा आवाज येतो, जनरेटर एकदम खोल आवाजात गुरगुरतो, त्याच्यावरचा हिरवा दिवा विझतो आणि लाल लागतो. गंमत म्हणजे इंजिन बंद पडलेले नसते. ते निवांत चालू असते, फक्त वीज द्यायचे त्याने थांबवलेले असते. गाडीचा मालक कागद काढून हिशेब मांडतो: एसी चालताना दीड हजार वॅट खातो, जनरेटर अठराशे वॅटचा आहे, म्हणजे तीनशे वॅट शिल्लकच राहायला हवेत. हिशेबात चूक नाही, तरी एसी चालत नाही. मग तो एका निष्कर्षावर येतो, ‘जनरेटर लहान पडतो’, आणि दुप्पट मोठा जनरेटर शोधू लागतो. माझे म्हणणे असे, की बहुतेक वेळा हा निष्कर्ष चुकीचा असतो. जनरेटर तासाभराच्या कामाला लहान पडत नाही, तो पहिल्या अर्ध्या सेकंदाला लहान पडतो. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी. उलट, अर्ध्या सेकंदाचे औषध घेऊन तासाचे दुखणे बरे होईल अशी आशा धरणारेही बरेच आहेत. त्यांचीही फसगत होते.

हा अर्धा सेकंद कुठून येतो ते आधी पाहू. एसीच्या पोटात कॉम्प्रेसर असतो आणि कॉम्प्रेसरच्या पोटात विजेची मोटर. मोटर फिरत असताना तिच्या आत आपोआप एक उलटा विद्युतदाब तयार होतो. बाहेरून येणाऱ्या विजेला तो रेटून धरतो, म्हणून मोटर गरजेपुरताच करंट ओढते. मोटर थांबलेली असते तेव्हा हा रेटा शून्य असतो. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी विजेला अडवायला गुंडाळीतल्या तांब्याचा आणि चुंबकत्वाचा थोडासा विरोध सोडला तर काहीच नसते, आणि करंट नेहमीच्या पाच-सहा पट उसळतो. निरोगी कॉम्प्रेसर पाव ते अर्ध्या सेकंदात वेग पकडतो, आणि वेग आला की करंट जागेवर येतो. कॉम्प्रेसरवरच्या पट्टीवर हा आकडा छापलेलाच असतो. ‘आरएलए’ म्हणजे चालू असतानाचे अँपिअर आणि ‘एलआरए’ म्हणजे मोटर जाम असतानाचे अँपिअर. आरव्हीच्या छतावर १३,५०० बीटीयूचा एसी सर्रास दिसतो. आपल्या भाषेत सांगायचे तर सव्वा टनाला किंचित कमी. हा एसी चालताना पंख्यासकट बारा-पंधरा अँपिअर घेतो, पण त्याच्या पट्टीवरचा एलआरए पन्नास-साठच्या घरात असतो. त्यात अमेरिकेतली घरगुती वीज १२० व्होल्टची. आपल्याकडे २३० व्होल्ट असल्यामुळे तेवढ्याच कामाला साधारण निम्मे अँपिअर पुरतात. म्हणजे मुंबईच्या फ्लॅटमध्ये जो हिसका कोणाच्या लक्षातही येत नाही, तोच तिकडे आकड्याने दुप्पट होऊन येतो, आणि तोही महावितरणच्या किंवा बेस्टच्या अवाढव्य जाळ्यावर नव्हे, तर एका सिलिंडरच्या इंजिनावर.

शेतात विहिरीवर मोटर असलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. ‘व्होल्टेज कमी आहे, मोटर उचलत नाही’ हे वाक्य आपल्या गावांत रोज बोलले जाते, आणि त्यात या विषयाचे निम्मे शास्त्र आले. मोटारींना ‘ऑटो स्विच’ लावू नका, असे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना वारंवार करते, ते याच कारणाने. गेलेली वीज परत आली की ऑटो लावलेल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, सगळ्यांचे हिसके एकावर एक पडतात आणि डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळते. त्याच मोटारी दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुरू झाल्या तर तीच डीपी त्या दिवसभर चालवते. एकूण काम तेवढेच, मोटारी त्याच, फक्त पहिला क्षण वाटून घेतलेला. वाळवंटातल्या त्या आरव्हीत मोटर एकच आहे आणि डीपीच्या जागी पेट्रोलचा जनरेटर आहे, एवढाच फरक.

जनरेटर हार मानतो तो कसा, हेही जवळून पाहण्यासारखे आहे, कारण उपाय तिथूनच सुचतो. जुन्या पद्धतीच्या जनरेटरमध्ये जड फिरते चाक असते. हिसका आला की ते चाक आपल्या साठवलेल्या वेगातून थोडी उधारी देते. व्होल्टेज क्षणभर खाली जाते, इंजिन दबते आणि बहुधा सावरते. हल्लीचे हलके, शांत जनरेटर वेगळ्या जातीचे आहेत. ते आधी वीज तयार करतात, ती सरळ करून घेतात आणि इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून पुन्हा स्वच्छ १२० व्होल्टची लाट घडवून बाहेर देतात. या सर्किटमधल्या नाजूक अर्धवाहकांना ठरावीक अँपिअरपलीकडे जाऊ द्यायचे नाही, असा बंदोबस्त आतच केलेला असतो. होंडाचा ईयू२२००आय हा तिकडे घरोघरी माहीत असलेला जनरेटर घ्या. कमाल २,२०० वॅट, सलग १,८०० वॅट. अँपिअरमध्ये मोजले तर कमाल सव्वाअठरा आणि सलग पंधरा. मोटर सुरू होताना लाल दिवा क्षणभर लागून विझणे त्याला चालते, तो अगदीच खडूस नाही. पण अठरा अँपिअरच्या यंत्राकडे कोणी साठ अँपिअर मागितले तर ते आधी व्होल्टेज खाली आणते आणि मग हात वर करते. खरे दुष्टचक्र व्होल्टेज खाली येण्यातच आहे. मोटरचा फिरवण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घसरले तर जोर एकोणीस टक्क्यांनी घटतो, वीस टक्क्यांनी घसरले तर छत्तीस टक्क्यांनी. जोर घटला की मोटर उचलत नाही, उचलत नाही तोवर करंट उतरत नाही, आणि करंट उतरत नाही तोवर व्होल्टेज वर येत नाही. शेवटी एक तर जनरेटर सुटतो, नाहीतर कॉम्प्रेसरच्या डोक्यावरचे तापमानरक्षक ‘टक्’ करून उघडते. ते दबके कण्हणे म्हणजे दुसरे काही नसते, जागच्या जागी अडकलेल्या मोटरचा तो आवाज.

या चक्रात वायरही आपला वाटा उचलते, आणि तिच्याकडे फारसे कोणी बघत नाही. पंधरा मीटर लांबीची, दोन चौरस मिलिमीटर तांब्याची घरगुती एक्स्टेंशन वायर घेतली, तर जाण्यायेण्याच्या अंतराला तिचा रोध साधारण पाव ओहम भरतो. एसी नीट चालू असताना, म्हणजे पंधरा अँपिअरला, तिच्यात पावणेचार व्होल्ट हरवतात. कोणाला कळतही नाही. पण साठ अँपिअरच्या क्षणी पंधरा व्होल्ट हरवतात. १२० चे १०५ झाले, म्हणजे मोटरच्या जोरातला पाव हिस्सा त्या वायरने खाल्ला. कॅम्पग्राउंडवर खांबाची वीज घेतली तरी दुपारी शेजारच्या चाळीस गाड्यांचे एसी चालू असताना तिथे मुळातच १०८-११० व्होल्ट येत असतील, तर तिथेही हेच होते. तिथे ब्रेकर पडत नाही, कारण साधा ब्रेकर अर्ध्या सेकंदाचा हिसका पचवतो, पण कॉम्प्रेसर मात्र दर वेळी कुंथत सुरू होतो आणि त्याची वाइंडिंग तापत राहते.

उपायांकडे वळताना फुकटचे आधी घ्यावेत, असे मला वाटते. बाजाराला ते सांगण्यात रस नसतो, एवढ्यासाठी तरी. जनरेटरवर ‘इको’ नावाचे बटण असते, त्याने लोड नसताना इंजिन हळू फिरते आणि पेट्रोल वाचते. कॉम्प्रेसर उठण्याच्या क्षणी हे बटण चालू असेल, तर झोपेतल्या माणसाच्या डोक्यावर पोते ठेवल्यासारखे होते. इंजिनाने वेग पकडेपर्यंत सगळे संपलेले असते. म्हणून आधी इको बंद करून इंजिन पूर्ण वेगात आणावे, पंखा एकटा चालू द्यावा आणि मगच थंडावा मागावा. त्याच वेळी मायक्रोवेव्ह, विजेवरचा गीझर, बॅटरी चार्जर यांना थोडा वेळ गप्प बसवावे. फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर तो गॅसवर टाकावा. छतावरच्या कॉइलमध्ये धूळ आणि झाडांचा कचरा अडकला असेल तर कॉम्प्रेसरला जास्त दाबाविरुद्ध काम करावे लागते, ती साफ करावी. आणि रन कपॅसिटर तपासावा. हा चंदेरी रंगाचा, वाटोळा डबा एसीच्या छतावरच्या भागात पत्र्याच्या आडोशाला असतो, अंगावर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला. आपल्या घरच्या पंख्याचा कपॅसिटर कमजोर झाला की पंखा काठीने ढकलल्याशिवाय फिरत नाही, तेच इथे होते, फक्त इथे ढकलायला कोणी नसते. छापील आकड्यापेक्षा मीटरवरचा आकडा दहा-वीस टक्के खाली आलेला असेल, तर कोणतेही महागडे यंत्र विकत घेण्यापूर्वी तो दहा-वीस डॉलरचा डबा बदलावा. फक्त एक सावधगिरी: वीज बंद केल्यावरही कपॅसिटर आपल्यात भार धरून बसतो, तो उतरवल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

एवढे करूनही भागले नाही तर दोन वस्तू समोर येतात, आणि नावातल्या साम्यामुळे लोक त्यांची गल्लत करतात. एक ‘हार्ड स्टार्ट’, दुसरी ‘सॉफ्ट स्टार्ट’. हार्ड स्टार्ट म्हणजे एक जादा कपॅसिटर आणि त्याला काही क्षणांत बाजूला काढणारा रिले. मोटरच्या सुरुवातीच्या गुंडाळीला तो जास्त रेटा देतो, त्यामुळे मोटर लवकर उठते. तो स्वस्त आहे, बसवायला सोपा आहे आणि खांबाच्या कमी व्होल्टेजवर कुंथणाऱ्या कॉम्प्रेसरला खरोखर उपयोगी पडतो. पण त्याने हिसक्याची उंची कमी होत नाही, लांबी कमी होते. साठ अँपिअरची मागणी अर्ध्या सेकंदाऐवजी पाव सेकंद टिकेल, पण मागणी साठचीच राहील. जड चाकाच्या जुन्या जनरेटरला हा फरक पुरतो. ज्याच्या सर्किटने अठरा अँपिअरवर लक्ष्मणरेषा आखली आहे, त्या जनरेटरला तो पुरत नाही. सॉफ्ट स्टार्टचे काम याच्या उलट आहे. तो हिसका लांबवतो आणि बुटका करतो. त्याच्या आत जे घडते ते आपण रोज भिंतीवर फिरवतो: पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. विजेच्या प्रत्येक लाटेचा सुरुवातीचा थोडा भाग कापून टाकायचा, म्हणजे मोटरला सरासरी कमी व्होल्टेज मिळते. मग दर लाटेगणिक कमी-कमी कापत जायचे, आणि मोटर वेगात आली की स्वतः बाजूला होऊन वीज थेट सोडायची. या जातीची चांगली यंत्रे पहिल्या चार-पाच वेळा सुरू होताना त्या विशिष्ट कॉम्प्रेसरचा स्वभाव मोजून घेतात आणि पुढची कापणी त्याप्रमाणे ठरवतात. उत्पादक साठ-सत्तर टक्के कपातीचा दावा करतात. साठ अँपिअरचे वीस-बावीस झाले, तर अठरा अँपिअरचा जनरेटर लाल दिवा क्षणभर दाखवून का होईना, ते पेलतो. किंमत साधारण अडीचशे ते साडेतीनशे डॉलर, म्हणजे हजार डॉलरच्या पुढच्या दुसऱ्या जनरेटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास.

इथे चौकस वाचक मला अडवेल. व्होल्टेज घटले की जोर वर्गाने घटतो, असे वरच सांगितले. मग मुद्दाम व्होल्टेज कापणारे यंत्र मोटर उचलेल कसे? जे जनरेटरने नाइलाजाने केले तर दोष, तेच सॉफ्ट स्टार्टच्या या डबीने केले तर गुण, हे कसे? आक्षेप रास्त आहे. त्याचे एक उत्तर डबीच्या आत आहे आणि दुसरे डबीबाहेर. अशा यंत्रांत बहुधा सुरुवातीचा कपॅसिटरही असतो, त्यामुळे घटलेल्या व्होल्टेजमध्येही सुरुवातीच्या गुंडाळीला पुरेसा रेटा मिळतो. शिवाय जनरेटरची घसरण बेताल असते, तर डबीची कापणी क्षणोक्षणी मोजून केलेली. पण खरे उत्तर मला कॉम्प्रेसरमधल्या गॅसमध्ये दिसते. कॉम्प्रेसर थांबतो तेव्हा त्याच्या एका बाजूला जास्त दाबाचा गॅस असतो आणि दुसऱ्या बाजूला कमी दाबाचा. बारीक केशनळीतून तो झिरपत दोन्हीकडे सारखा व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात. दाब सारखे झाले की मोटरला जवळजवळ रिकामी गाडी ओढायची असते, आणि त्या कामाला कापलेले व्होल्टेज पुरते. दाब सारखे होण्याआधीच कोणी बटण दाबले, तर भरलेली गाडी चढावर ओढायला सांगितल्यासारखे होते, मग सॉफ्ट स्टार्ट असो वा नसो. आपल्याकडच्या स्टॅबिलायझरवर वीज आल्यानंतर तीन मिनिटांचा ‘टाइम डिले’ असतो, आणि घरातली मुले त्या मिणमिणत्या दिव्याकडे चिडून बघत बसतात, तो डिले याचसाठी असतो. आपली शेतीची मोटरही हेच सांगते. थ्री-फेजच्या स्टार-डेल्टा स्टार्टरने सुरुवातीचा करंट एक तृतीयांश होतो आणि त्याबरोबर जोरही एक तृतीयांशच उरतो, तरी पंप उठतो, कारण पंपाला पहिल्या फेऱ्यांत फारसे पाणी उचलावेच लागत नाही. लोड हलके असेल तेव्हाच हळुवार सुरुवात परवडते. छतावरच्या एसीला स्टार-डेल्टा लावता येत नाही, त्याची मोटर सिंगल फेजची असते, पण तत्त्व तेच आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: एवढी डोकेफोड कशाला, सरळ चार हजार वॅटचा जनरेटर घ्यावा. ज्याची गाडी मोठी आहे आणि जिच्यात तो कारखान्यातूनच बसवून आला आहे, त्याच्याशी माझे भांडण नाही. पण ज्याला तो विकत घेऊन उचलायचा आहे, त्याने तीन गोष्टी पाहाव्यात. ईयू२२००आय पेट्रोल न भरता साधारण एकवीस किलोचा आहे, एक माणूस तो हातात धरून चालतो. दुप्पट ताकदीच्या यंत्राचे वजन बहुधा दुपटीहूनही जास्त भरते. दुसरे पेट्रोलचे. मोठे इंजिन अर्ध्या लोडवर चालताना दर युनिटमागे जास्त इंधन जाळते, आणि ते अर्ध्या सेकंदापुरते मोठे हवे म्हणून दिवसभर मोठेच राहते. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती आवाजाची. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या नियमावलीत जनरेटरसारख्या यंत्राचा आवाज पन्नास फुटांवर साठ डेसिबलच्या वर जाता कामा नये असे लिहिलेले आहे, आणि कॅम्पग्राउंडवर रात्रीच्या शांततेच्या वेळा वेगळ्या. लोक तिकडे जातात ते शांततेसाठी. शेजारच्याची शांतता मोडून आपला थंडावा मिळवायचा, आणि तोही केवळ पहिल्या क्षणाची सोय म्हणून, हे मला पटत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मी निम्मा मान्य करतो. सॉफ्ट स्टार्ट विकणारे तो रामबाण असल्यासारखा विकतात, असे म्हणणाऱ्यांचा रोख चुकीचा नाही. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षाही साडेचारशे मीटर वर. तिथे हवा विरळ, आणि साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. हिशेब केला तर १,८०० वॅटच्या जनरेटरचे तिथे जेमतेम १,३५० वॅट उरतात, म्हणजे सव्वाअकरा अँपिअर. एसी डबीच्या कृपेने सुरू होईल, पण बारा-तेरा अँपिअरवर सलग चालायला लागल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी जनरेटर पुन्हा लाल दिवा दाखवील. उलट टोकाला डेथ व्हॅली. ती समुद्रसपाटीच्याही खाली, हवा भरपूर, इंजिन खूश, पण बाहेर ४५ अंशांवर तापमान. छतावरच्या कॉइलला उष्णता टाकायला गार हवाच मिळत नाही, कॉम्प्रेसरवरचा दाब वाढतो आणि तोच एसी पंधरा अँपिअरच्या पलीकडे जाऊ लागतो. एका ठिकाणी देणारा अशक्त झाला, दुसऱ्या ठिकाणी घेणाऱ्याची भूक वाढली. दोन्हीकडे दुखणे तासाचे आहे, अर्ध्या सेकंदाचे नाही, आणि तिथे खरोखरच मोठा जनरेटर किंवा लहान एसी हवा, किंवा दोन लहान जनरेटर जोडून चालवणे.

बॅटरीवर एसी चालवू पाहणाऱ्यांच्या बाबतीत हा गोंधळ सर्वांत महाग पडतो. बारा व्होल्टच्या लिथियम बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर बसवून लोक सौरऊर्जेवर गार झोपायची स्वप्ने बघतात. साठ अँपिअरचा हिसका १२० व्होल्टवर म्हणजे बारा व्होल्टच्या बाजूला सहाशे अँपिअर. एवढा करंट द्यायला बॅटरीची संरक्षक सर्किटे नकार देतात आणि सगळे बंद पडते. सॉफ्ट स्टार्टने तो दोनशेच्या आसपास येतो आणि एसी चालू होतो, इथपर्यंत डबीने आपले काम चोख केले. पण चालू झालेला एसी दीड हजार वॅट खातोच. शंभर अँपिअर-तासाच्या बॅटरीत १,२८० वॅट-तास असतात, आणि इन्व्हर्टरची गळती धरली तर ती सलग चालणाऱ्या एसीला पाऊण तास पुरते. डबीने या पाऊण तासात एका मिनिटाचीही भर पडत नाही. ती दार उघडून देते, कोठार भरून देत नाही. वीजबचतीचे साधन म्हणून कोणी सॉफ्ट स्टार्ट विकू लागला तर त्याला सरळ नाही म्हणावे.

राहिला चौथा प्रश्न, तो भारतातला वाचक हमखास विचारील: इन्व्हर्टर एसी का नाही? आपल्याकडच्या दुकानांत आता बहुतेक एसी त्याच जातीचे मिळतात. त्यांचा कॉम्प्रेसर मुळातच हळू उठतो, गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो आणि त्याला हिसका असा नसतोच. प्रश्न बिनतोड आहे. नवी गाडी घेणाऱ्याने किंवा जुना एसी मेल्यावर नवा बसवणाऱ्याने इन्व्हर्टर जातीचाच शोधावा, आणि असे छतावरचे एसी तिकडे आता मिळू लागले आहेत. त्यांचा खरा फायदा हिसका टाळण्यापेक्षाही तासाच्या हिशेबात आहे: संध्याकाळी खोली गार झाली की ते पाचशे-सहाशे वॅटवरही गुणगुणत राहतात. पण चौदा इंच चौकोनी भोकावर बसलेला, अजून दहा वर्षे चालेल असा एसी केवळ पहिल्या अर्ध्या सेकंदासाठी काढून फेकायचा, यात मला शहाणपण दिसत नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशा गाड्या बांधणाऱ्यांना इथे एक आयती सोय आहे. वीज २३० व्होल्टची आणि बाजार इन्व्हर्टर एसीचा, त्यामुळे अमेरिकेतल्या गाड्यांची ही डोकेदुखी ते गाडी बांधतानाच टाळू शकतात. मात्र स्वस्तात मिळतो म्हणून जुन्या पद्धतीचा एकाच वेगाचा एसी चढवला, तर तोच ‘हूंऽऽ’ त्यांना ताडोब्याच्या बाहेर ऐकू येईल.

आपले दुखणे कोणते, हे कळायला एक साधन पुरते: वायरीभोवती चिमट्यासारखे धरायचे क्लॅम्प मीटर, तेही ‘इनरश’ लिहिलेले बटण असणारे. साधे क्लॅम्प मीटर हिसका पकडू शकत नाही, आकडा पडद्यावर येईपर्यंत क्षण निघून गेलेला असतो. इनरशचे मीटर तो क्षण धरून ठेवते. मोजणी शक्यतो खांबाच्या विजेवर करावी, कारण जनरेटर हात वर करतो तेव्हा खरा हिसका दिसतच नाही. एसीकडे जाणारी एकच वायर चिमट्यात घ्यायची, दोन्ही घेतल्या तर आकडा शून्य येतो. एसी तीन मिनिटे बंद ठेवायचा, मग सुरू करून पहिला आकडा लिहून घ्यायचा. दुसरा आकडा भर दुपारी, एसी अर्धा तास चालल्यावर. पहिला आकडा पन्नासच्या वर आणि दुसरा बारा-तेराच्या आत असेल, तर तीनशे डॉलरची डबी आपले काम करील. दुसराच आकडा पंधराला टेकलेला असेल तर पैसे खिशात ठेवावेत, गाडी झाडाच्या सावलीत घ्यावी आणि छतावर चढून कॉइलमधला कचरा काढावा.